दौरे आणि ध्वनिमुद्रण: जॅझ सॅक्सोफोनवादनाच्या व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

ज्यांची सॅक्सोफोनवरील बोटे बसलेली आहेत, सूर स्थिर झाला आहे, नोटेशन वाचता येते आणि आता या वाद्यावर चरितार्थ चालवता येईल का असा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या व्यवसायात शिरण्याचे दार कोठे आहे, आत गेल्यावर काय काय लागते आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

सुरुवातीलाच एक मत स्पष्टपणे मांडतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. स्वतःच्या नावाची चौकडी काढण्याची घाई करू नये. पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या बँडमध्ये साथीदार म्हणून वाजवावे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९५५ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात (पाच जणांच्या बँडमध्ये) आले तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यापूर्वी डिझी गिलेस्पी व जॉनी हॉजेस यांच्या बँडमध्ये त्यांनी उमेदवारी केलेली होती. १९५७ मध्ये ते पियानोवादक थेलोनियस मंक यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये वाजवत होते, आणि स्वतःची कायमची चौकडी त्यांनी उभी केली ती १९६० मध्ये. इतक्या प्रतिभावान माणसाला जे टाळता आले नाही, ते आपण टाळू पाहणे शहाणपणाचे नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही हेच खरे आहे: केवळ स्वतःच्या बँडवर जगणारे जॅझ वादक जगभरात थोडेच असतात. बाकीच्यांचे उत्पन्न इतरांच्या बँडमधील काम, स्टुडिओतील काम आणि शिकवण्या यांतून मिळून येते.

वाद्य, माउथपीस आणि रीड

अल्टो की त्याहून मोठा, खालच्या सुराचा टेनर सॅक्सोफोन, हा पहिला प्रश्न असतो. दोन्हींसाठी काम असते. मात्र व्यावसायिकाकडे दोन्ही असावीत आणि जमल्यास बासरी व क्लॅरिनेटही हाताशी असावेत. मोठ्या बँडच्या आणि नाटकाच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोनच्या खुर्चीसमोरच्या कागदावर मध्येच ‘आता बासरी घ्या’ अशी सूचना असते, आणि ती ज्याला पाळता येते त्यालाच पुढचे बोलावणे येते.

‘सेल्मर मार्क सहा’ या १९५४ ते सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या वाद्यांभोवती मोठे वलय आहे आणि त्यांच्या किमतीही त्या वलयाला शोभतील अशाच आहेत. दौऱ्यावर निघणाऱ्या नवोदिताने त्यांच्या मागे लागू नये. बसमध्ये, विमानात आणि क्लबच्या अरुंद जिन्यावर आपटणारे वाद्य भक्कम, दुरुस्तीला सोपे आणि विमा उतरवता येण्याजोगे असावे. एखाद्या प्रतिष्ठित जपानी किंवा तैवानी कंपनीचे मध्यम वा व्यावसायिक श्रेणीतील वाद्य पुरेसे असते. अल्टोवादक चार्ली पार्कर यांनी १५ मे १९५३ रोजी टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये, जो पुढे ऐतिहासिक ठरला तो कार्यक्रम ‘ग्राफ्टन’ नावाच्या प्लॅस्टिकच्या अल्टोवर वाजवला होता, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. वाद्यावरचे पैसे वाचवून ते माउथपीसवर खर्च करावेत, कारण ध्वनीचा पोत ठरवण्यात त्याचा वाटा बराच मोठा आहे.

रीडबद्दल, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या, कंप पावून सूर काढणाऱ्या पातळ पट्टीबद्दल, मात्र थोडे विस्ताराने बोलायला हवे. बाजारात दहाच्या डब्यात येणाऱ्या रीड बोरूच्या एका जातीपासून कापलेल्या असतात आणि एकाच डब्यातल्या, एकाच क्रमांकाच्या दोन रीड कधीही सारख्या वाजत नाहीत. दहापैकी मंचावर नेण्याजोग्या तीन-चारच निघतात. नवी रीड प्रथम ओली करून पाचच मिनिटे मध्यम आवाजात वाजवावी आणि सपाट काचेवर वाळू द्यावी. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे, तिसऱ्या दिवशी थोडी अधिक. मग पेन्सिलीने तिच्या मागच्या बाजूला खूण करावी: ही बॅलडसाठी (संथ गीतासाठी), ही मोठ्या सभागृहासाठी, ही फक्त सरावासाठी. चांगल्या चार रीड आलटून पालटून वापरल्यास त्या महिनाभर टिकतात. एकच रीड रोज वाजवली तर ती आठवड्यात मऊ पडते, आणि ती पडते ती नेमकी कार्यक्रमाच्या दुसऱ्या सत्रात. मुंबईच्या पावसाळ्यात रीड फुगते, युरोपातल्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत ती वाळून टोकाला वेडीवाकडी होते. म्हणून आर्द्रता राखणारी लहान डबी जवळ ठेवावी. कृत्रिम रीडला काही जण नाके मुरडतात, परंतु उघड्या मैदानावरच्या महोत्सवात किंवा एकाच कार्यक्रमात तीन वाद्ये बदलायची असताना ती उपयोगी पडते, कारण बाजूला ठेवलेल्या वाद्यावर ती सुकत नाही.

रियाजाची दिशा

पार्कर यांनी १९५४ सालच्या एका मुलाखतीत, तीन-चार वर्षे आपण रोज ११ ते १५ तास सराव करत असू, असे सांगितले होते. टेनरवादक सनी रोलिन्स यांनी आधीच नाव झालेले असताना १९५९ मध्ये मंच सोडला आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन सराव केला. तासांची ही बरोबरी करण्याची गरज नाही, पण सरावात काय असावे हे नेमके ठरवणे गरजेचे आहे. लांब सूर रोज हवेत. बाराही पट्ट्यांतील स्वरसप्तके आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) हवेत. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर समजून वाजवण्याची सवय हवी, कारण जॅझचा झोका तेथेच आहे. आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतील सोलो कानाने ऐकून, आधी गाऊन आणि मग वाजवून, उतरवून घेण्याची सवय हवी. छापील सोलो विकत घेऊन वाजवल्याने बोटे तयार होतात, कान होत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याची एक अडचण वेगळी असते. तंबोऱ्याच्या सुरात वाढलेला कान रागाचे चलन चटकन पकडतो आणि मींड, गमक यांचीही त्याला सवय असते. परंतु जॅझमध्ये आधारस्वर स्थिर राहत नाही. दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदलतो आणि जो स्वर आता विसावा देत होता तोच पुढच्या क्षणी टोचू लागतो. यावर उपाय पियानोचा आहे. उत्तम पियानोवादक व्हायचे नाही. पण प्रत्येक स्टँडर्डचे (सगळे जॅझ वादक वाजवतात अशा रूढ रचनेचे) कॉर्ड सावकाश हाताने दाबून, त्यावर स्वर गाऊन पाहता यावेत इतका पियानो यायलाच हवा. शंभर स्टँडर्ड रचना मुखोद्गत झाल्या की माणूस जगात कोठेही अनोळखी लोकांबरोबर संध्याकाळ काढू शकतो.

वाचनाची तयारी वेगळी करावी. अल्टो हे ई-फ्लॅट आणि टेनर हे बी-फ्लॅट वाद्य असल्याने लिहिलेला स्वर आणि निघणारा स्वर एक नसतात. पियानोवादकाने आपला कागद पुढे सरकवला तर तो पाहता पाहता मनातल्या मनात बदलून वाजवता यावा. मुंबईच्या जॅझचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पोर्तुगीज काळातील गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये आले आणि त्याच वाचनाच्या बळावर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही त्यांची वर्णी लागली. गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी पुढे राग आणि जॅझ यांचा मेळ घातला, तोही या वाचनाच्या पायावर उभे राहूनच.

जॅम सेशन आणि बदली काम

व्यवसायाचे दार बहुतेक वेळा जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादकांनी जमून आयत्या वेळी एकत्र वाजवण्याच्या बैठकीत, उघडते. ज्युलियन ‘कॅननबॉल’ अ‍ॅडर्ली फ्लोरिडात शाळेतील बँडचे शिक्षक होते. १९५५ साली ते न्यूयॉर्कला आले असताना ‘कॅफे बोहेमिया’ क्लबमध्ये बासवादक ऑस्कर पेटिफोर्ड यांच्या बँडचा सॅक्सोफोनवादक वेळेवर पोहोचला नव्हता. अ‍ॅडर्ली यांच्याजवळ वाद्य होते आणि त्यांना मंचावर बोलावले गेले. त्या एका रात्रीने त्यांचे आयुष्य बदलले, असे सगळे सांगतात. मात्र त्या रात्री अतिजलद लयीत वाजवण्याची तयारी त्यांनी आधीच करून ठेवलेली होती, हे सांगायचे राहून जाते.

जॅममध्ये जाण्याच्या काही रीती आहेत. पहिल्या दिवशी वाद्य घेऊन जावे, पण ऐकत बसावे; तिथले यजमान कोण, कोणत्या रचना वाजतात, लय साधारण किती असते, ते पाहावे. बोलावणे आले की अशी रचना सुचवावी जी रिदम सेक्शनलाही (पियानो, बास आणि ड्रम वाजवणाऱ्यांना) ठाऊक असेल. पट्टी आणि लय स्पष्ट सांगावी. सोलो दोन आवर्तनांत संपवावा. तीन झाली तर कोणी रागावत नाही, आठ झाली तर पुढच्या वेळी कोणी बोलावत नाही. दुसऱ्याचा सोलो चालू असताना मागे उगाच सूर लावू नयेत, बासच्या सोलोच्या वेळी तर मुळीच नाहीत. खाली उतरल्यावर ढोलकी-तबल्याच्या साथीदाराला आपण जसे आदराने विचारतो, त्याच आदराने ड्रमर आणि बासवादकाशी बोलावे. काम देणारे फोन बहुधा त्यांच्याकडूनच येतात.

पहिले पैसे देणारे काम बहुतेकदा बदली वादकाचे असते. नेहमीचा वादक आजारी आहे किंवा त्याला अधिक पैशाचे काम मिळाले आहे, म्हणून तो आपले नाव सुचवतो. येथे तीन गोष्टी पाळाव्यात: ध्वनिमुद्रण मागवून आधी ऐकावे, पाऊण तास अगोदर पोहोचावे आणि ज्याच्या खुर्चीवर बसलो त्याची खुर्ची मागू नये. शेवटचा नियम मोडणाऱ्याची बातमी शहरभर पसरायला एक आठवडाही लागत नाही.

मानधन आणि करार

मानधनाचे बोलणे संकोच न ठेवता आणि लेखी करावे. ठरावीक रक्कम, दारावरच्या तिकीट विक्रीतील वाटा, आणि किमान रकमेची हमी अधिक वाटा, असे तीन प्रकार प्रचलित आहेत. नवोदिताला दारावरचा वाटा आकर्षक वाटतो. पण पावसाळी मंगळवारी वीस माणसे आली तर परतीचे भाडेही सुटत नाही, म्हणून हमीची रक्कम असल्याशिवाय दुसऱ्या गावी जाऊ नये. भारतात हॉटेल आणि कॉर्पोरेट समारंभांचे मानधन क्लबपेक्षा पुष्कळ जास्त असते. तिथे जेवणाच्या आवाजात वाजवावे लागते, त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. त्या पैशावरच स्वतःचे ध्वनिमुद्रण उभे राहते.

साधा ईमेल असला तरी त्यात पुढील बाबी असाव्यात: रक्कम आणि चलन, कर कोण भरणार, प्रवास व निवास कोणाकडे, भत्ता किती, किती सत्रे व किती मिनिटांची, पियानो, ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर कोण पुरवणार, कार्यक्रम रद्द झाल्यास काय, आणि कार्यक्रमाचे चित्रण करून प्रसारित करण्याची परवानगी आहे की नाही. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात आणि नंतर आपलाच कार्यक्रम दुसऱ्याच्या वाहिनीवर पाहतात. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. भारतात व्यावसायिक शुल्कावर सामान्यतः १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापला जातो. तो आपल्या पॅनवर जमा झाल्याचे तपासावे, आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांकडे झुकू लागली की जीएसटी नोंदणीबाबत सल्लागाराला विचारावे.

दौऱ्याची आखणी

दौरा शेवटाकडून आखावा. आधी एखादी मोठी, चांगल्या मानधनाची तारीख पक्की करायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान क्लबच्या तारखा गुंफायच्या. युरोपात जुलै महिना महोत्सवांचा असतो: रॉटरडॅमचा ‘नॉर्थ सी’, पेरूजाचा ‘उंब्रिया जॅझ’, स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो. यांची निवड कित्येक महिने आधी होते, त्यामुळे जुलैचा विचार आदल्या वर्षीच करावा लागतो. क्लबची पद्धत वेगळी असते. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये अजूनही एकच बँड मंगळवार ते रविवार वाजवतो; बहुतेक ठिकाणी मात्र एक रात्र आणि सकाळी पुढची गाडी, असाच क्रम असतो. दोन गावांत पाच तासांपेक्षा अधिक प्रवास असेल त्या दिवशी कार्यक्रम ठेवू नये. मोकळा दिवस हा तोटा वाटतो, कारण हॉटेलचे पैसे चालू असतात; परंतु आठवड्यातून एक मोकळा दिवस नसेल तर दहाव्या दिवशी ओठ थकतात आणि वरचे सूर फाटू लागतात.

कागदपत्रांसाठी वेळ राखून ठेवावा. भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि निदान १५ दिवस अगोदर अर्ज करता येतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि राहण्याची परवानगी म्हणजे मानधन घेऊन वाजवण्याची परवानगी नव्हे. ती प्रत्येक देशाच्या नियमांवर अवलंबून असते, म्हणून आयोजकाला प्रथम तेच विचारावे. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर मानधनाचा कार्यक्रम करता येत नाही. तेथील मालक, आयोजक किंवा एजंटाने आपल्यासाठी ‘ओ’ किंवा ‘पी’ या कलाकारांना लागू होणाऱ्या व्हिसा वर्गातील अर्ज दाखल करावा लागतो आणि त्याला वृत्तपत्रीय परीक्षणे, जुने करार, मान्यवरांची पत्रे अशी पुराव्यांची जाड फाइल जोडावी लागते. ही फाइल पहिल्या कार्यक्रमापासून जमवत जावी.

परदेशात मानधनातून कर परस्पर कापला जातो. अमेरिकेत तो अनिवासी कलाकाराच्या एकूण रकमेच्या ३० टक्के असतो, जर्मनीत साधारणपणे १५ टक्के अधिक अधिभार. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांमुळे त्याची वजावट भारतात मिळू शकते, पण त्यासाठी कापलेल्या कराचे प्रमाणपत्र हातात असावे लागते. आयोजक कार्यक्रमाच्या रात्री फार प्रेमळ असतो. प्रमाणपत्र त्याच रात्री मागून घ्यावे. भारतातून महागडे वाद्य नेताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते नवे विकत आणल्याचा संशय येत नाही. संपूर्ण बँडचे सामान जात असेल तर ‘एटीए कार्नेट’ (सामान तात्पुरते, शुल्क न भरता परदेशी नेण्याचे कागदपत्र) काढता येते. भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची संस्था देते.

विमानात सॅक्सोफोन सामानात टाकू नये. अमेरिकेच्या २०१२ च्या कायद्यानुसार, चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावे लागते; इतर ठिकाणी प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. म्हणून वाद्याच्या आकाराची घट्ट पेटी वापरावी आणि लवकर चढता येईल असे तिकीट काढावे. तरीही वाद्य काढून घेतले गेलेच, तर वाद्याची मान (वरची वाकडी नळी) आणि माउथपीस आपल्याजवळ ठेवावेत, किल्ल्या (बोटांनी दाबायच्या कळा) हलू नयेत म्हणून त्यांखाली बुचाचे तुकडे सरकवावेत आणि भोंग्यात कपडे कोंबावेत.

पेटीच्या कप्प्यात हे असावे: बारीक स्क्रू-ड्रायव्हर, रबरबँड, बुचाचा पातळ पत्रा, टोकदार चिमटा, सिगारेटचा कागद आणि नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप. माउथपीस मानेवर ढिले बसू लागले तर त्या टेपचे दोन वेढे रात्र निभावतात. जी-शार्पची किल्ली दमट हवेत हमखास चिकटते. ती उघडत नाही हे कळते ते सोलोच्या मध्यात, आणि बोट दाबूनही स्वर न बदलल्याने वादक आपल्याच कानावर संशय घेतो. पॅडखाली (छिद्र बंद करणाऱ्या चामड्याच्या गादीखाली) सिगारेटचा कागद घालून किल्ली हलक्या हाताने मिटावी, ओल टिपून घ्यावी आणि कागद ओढून काढण्याऐवजी किल्ली सोडून मग काढावा. ओढला तर पॅडचे चामडे सोलले जाते. किल्ली उघडीच राहत असेल तर स्प्रिंग निसटली असेल, ती जागेवर बसेपर्यंत रबरबँड तिचे काम करते.

साउंडचेक

सॅक्सोफोनचा आवाज केवळ भोंग्यातून येतो, ही ध्वनितंत्रज्ञांपैकीही काहींची समजूत असते. प्रत्यक्षात तो वाद्याच्या अंगावरील उघड्या छिद्रांतून येतो, आणि भोंग्यातून प्रामुख्याने अगदी खालचेच सूर येतात. मायक्रोफोन भोंग्यात तोंड घालून ठेवला की खालचा बी-फ्लॅट घुमतो आणि मधले सूर पातळ होतात. म्हणून तो हातभर अंतरावर, उजव्या हाताच्या किल्ल्यांच्या वर रोखून ठेवण्याची विनंती करावी. भोंग्याला लावलेला क्लिप मायक्रोफोन फिरायला सोयीचा आहे, मात्र किल्ल्यांची खटखट त्यात येते.

साउंडचेकला एकट्याचे सूर थोडे वाजवावेत आणि मग पूर्ण बँडबरोबर एक हळुवार व एक जोरदार तुकडा. मॉनिटरमध्ये (वादकांसाठी मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज कमीत कमी, पियानो आणि बास जास्त मागावेत. थंड सभागृहात वाद्याचा सूर उतरतो, दिव्यांखाली तापल्यावर चढतो, त्यामुळे दुपारी जुळवलेला सूर रात्री तसाच राहील असे समजू नये. काही युरोपीय पियानो ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झला लावलेले असतात, तेही विचारून घ्यावे. कानांसाठी मंचावर वापरायचे प्लग घ्यावेत. ड्रमच्या झांजेशेजारी दहा वर्षे उभे राहिल्याची किंमत कानात वाजणाऱ्या सततच्या शिटीने चुकवावी लागते. टेनर तीन-साडेतीन किलोचा असतो आणि तो मानेवर घेण्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा वापरल्यास पाठ वाचते.

ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५९ पर्यंत न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात जॅझची असंख्य ध्वनिमुद्रणे केली. त्यांचा दिवसाचा व्यवसाय चष्म्यांचा होता. तेव्हाचे वादक एका दिवसात संपूर्ण तबकडी करून बाहेर पडत, कारण स्टुडिओच्या तासांचे पैसे भरपूर होते आणि बँड रोज मंचावर वाजवून तयार झालेला असे. आजच्या नवोदितालाही हाच क्रम पैशाच्या दृष्टीने परवडतो: आधी दौरा, मग स्टुडिओ. दहा रात्री वाजवलेल्या रचना दोन दिवसांत मुद्रित होतात. कागदावरच्या रचना स्टुडिओत शिकायला लागलात तर चार दिवसही पुरत नाहीत.

स्टुडिओत सगळे एका खोलीत वाजवणार की काचेमागच्या वेगळ्या कक्षांत, हे आधी ठरवावे. एका खोलीत वाजवले तर एकमेकांचा आवाज सर्व मायक्रोफोनमध्ये मिसळतो, दुरुस्ती करता येत नाही, पण वादन जिवंत राहते. वेगळ्या कक्षात चूक दुरुस्त करता येते, आणि म्हणूनच वादक चुकांच्या मागे लागतात. जॅझसाठी पहिला पर्याय निवडावा असे माझे मत आहे. हेडफोन लावावा लागला तर एका कानावरून थोडा सरकवून स्वतःचा खरा आवाज ऐकावा, नाहीतर सूर चढतो. एका रचनेचे तीन टेक (अखंड वाजवून केलेली मुद्रणे) घ्यावेत. तिसऱ्यानंतर सुधारणा फार क्वचित होते, म्हणून दुसरी रचना घेऊन जेवणानंतर परत यावे. टेक निवडताना आपल्या सोलोकडे नव्हे, रिदम सेक्शनकडे पाहावे. लय ज्यात बसली तो टेक ठेवावा.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणात वाजवायला जाताना मात्र एकच गोष्ट लक्षात ठेवावी: मागितले तेवढेच द्यावे. हिंदी चित्रपटसंगीतात मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनचे तुकडे चार-आठ मात्रांचे असत, आणि तेवढ्यात ते गाण्याची ओळख होऊन बसत. आता पुष्कळसे काम घरी मुद्रित करून फाइल पाठवण्याचे असते. त्यासाठी एक चांगला मायक्रोफोन आणि गाद्या-पडद्यांनी प्रतिध्वनी मारलेली खोली पुरते.

हक्क आणि रॉयल्टी

प्रत्येक ध्वनिमुद्रणात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि मुद्रित आवाजाचा. पहिला संगीतकाराचा, दुसरा सहसा पैसे घालणाऱ्याचा. आपण दुसऱ्याची स्टँडर्ड रचना मुद्रित केली तर त्यावर कितीही अलौकिक सोलो वाजवला तरी रचनेची रॉयल्टी मूळ संगीतकाराकडे जाते, आणि मुद्रणासाठी परवानाही लागतो. कॉर्डच्या क्रमावर मात्र व्यवहारात कोणी मालकी सांगत नाही. चाळीसच्या दशकातील बीबॉप या नव्या जॅझ शैलीच्या वादकांनी जुन्या लोकप्रिय गीतांच्या कॉर्डवर नव्या चाली बांधल्या, त्यामागे कलात्मक कारण होतेच, पण रचनेचे पैसे आपल्याकडे यावेत हेही होते. नवोदिताने पहिल्या अल्बममध्ये निम्म्या तरी रचना स्वतःच्या ठेवाव्यात.

भारतात रचनाकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर रचनाकाराला रॉयल्टीचा आपला वाटा कराराने सोडून देता येत नाही, हे माहीत असल्यास ‘सर्व हक्क कायमचे’ अशा कलमासमोर निमूटपणे सही होत नाही. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (मुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक मिळवावा. अमेरिकेतील डिजिटल रेडिओचे पैसे ‘साउंडएक्स्चेंज’ गोळा करते. त्यातील ५० टक्के मुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांच्या निधीला जातात. तेथे नोंदणी नसेल तर आपले पैसे तसेच पडून राहतात. ध्वनिमुद्रणाला साथीदार म्हणून जाताना एकरकमी मानधन घेतले तर पुढे काही मिळणार नाही असे समजूनच रक्कम सांगावी, आणि आपले नाव श्रेयनामावलीत बरोबर छापले जाईल हे लेखी घ्यावे.

दौऱ्यावरून परतल्यावर

पहिल्या आठवड्यात आयोजकांना पावत्या आणि आभाराचे पत्र जावे, करप्रमाणपत्रे सल्लागाराकडे जावीत आणि प्रत्येक कार्यक्रमात वाजवलेल्या रचनांची यादी तारीख व स्थळासह संबंधित रॉयल्टी संस्थेकडे जावी. स्वतःच्या रचना वाजवलेल्या असतील तर युरोपातील एका महिन्याच्या याद्या पाठवल्याने काही महिन्यांनी जी रक्कम येते, ती अनेकदा एखाद्या क्लबच्या मानधनाइतकी असते. याद्या पाठवण्याची मुदत संस्थेगणिक बदलते, म्हणून ती निघण्यापूर्वीच डायरीत टिपून ठेवावी. वाद्य दुरुस्तीला द्यावे: पॅडची गळती आतून दिवा घालून तपासून घ्यावी, स्प्रिंगांवरचा गंज पुसावा, किल्ल्यांच्या दांड्यांना तेल द्यावे आणि मानेचा सांधा ढिला झाला असेल तर घट्ट करून घ्यावा. कारागीर चांगला असेल तर त्याच्याकडे आधीच वाद्ये रांगेत असतात, तेव्हा त्याची वेळ दौऱ्यावर निघण्यापूर्वीच घ्यावी.